डोळसांची कादंबरी

जॉन विंडमची ‘द डे ऑफ द ट्रिफिड्स’ वाचलेल्या माणसाला तिच्यातलं काय आठवतं ते विचारावं आणि उत्तरावरून त्याने ती कोणत्या वयात वाचली ते ओळखावं. चौदा-पंधराव्या वर्षी वाचलेला चालणाऱ्या झाडांबद्दल बोलतो. कॉलेजात असताना वाचलेला ओस पडलेल्या लंडनबद्दल बोलतो. हव्या त्या दुकानात शिरावं, हवी ती मोटार घ्यावी, विचारणारं कुणी नाही. संसारात पडल्यावर वाचलेला झाडंही विसरलेला असतो आणि लंडनही. त्याला आठवतो एक प्रश्न. मदत मागणारे लाखो आणि मदत करू शकणारे मूठभर, तर त्या मूठभरांनी कुणाचा हात धरायचा आणि कुणाचा सोडवून घ्यायचा?

ही कादंबरी मी पुष्कळांना वाचायला दिली आहे. पुस्तक परत येताना सोबत एखादं मत घेऊन यायचं, आणि दोन मतं सहसा जुळायची नाहीत. आता मला ती कादंबरी आणि ती मतं वेगळी काढता येत नाहीत.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. बिल मेसन हा ट्रिफिड नावाच्या झाडांवर काम करणारा जीवशास्त्रज्ञ. हे झाड माणसाहून उंच, बुंध्याखालच्या तीन बोथट पायांवर लंगडत चालणारं आणि माथ्यावरच्या पेल्यातून चाबकासारखी विषारी नांगी फेकणारं. त्याच्या तेलाला भाव आहे, म्हणून त्याची रीतसर लागवड होते. कामावर असताना विषाचे थेंब डोळ्यांत गेल्यामुळे बिल लंडनच्या इस्पितळात डोळ्यांना पट्ट्या बांधून पडला आहे. त्या रात्री आकाशात हिरव्या उल्कांची आतषबाजी होते. सारं जग घराबाहेर येऊन ती बघतं, आणि आपल्याला बघता येत नाही म्हणून हा हळहळत झोपतो. सकाळी रस्त्यावर गाड्यांचा आवाज नाही, नर्स येत नाही, हाक मारली तर ओ येत नाही. आतषबाजी बघणारे सगळे रात्रीत आंधळे झालेले असतात. मग हळूहळू झाडं बागांमधून बाहेर पडतात.

विंडमचा जन्म १९०३चा. त्याचं पूर्ण नाव जॉन विंडम पार्क्स लुकस बेनन हॅरिस, आणि त्या लांबलचक नावाचे तुकडे पाडून तो वेगवेगळ्या नावांनी अंतराळकथा लिहीत असे. खरं नाव झालं ते १९५१ साली ह्या कादंबरीने, पन्नाशी जवळ आल्यावर. महायुद्धात तो आधी लंडनमध्ये माहिती मंत्रालयात सेन्सॉर होता, पुढे सैन्याच्या सिग्नल दलात भरती होऊन नॉर्मंडीला उतरला. माहिती मंत्रालयाचा मुक्काम त्या काळात लंडन विद्यापीठाच्या सिनेट हाउसमध्ये होता. कादंबरीत दृष्टी शाबूत असलेल्यांना गोळा करणारा दिवा पेटतो तो विद्यापीठाच्याच मनोऱ्यावर. काळोखातलं लंडन, फुटलेल्या काचा, डब्यातलं अन्न ह्या गोष्टी विंडमला कल्पनेने रचाव्या लागल्या नव्हत्या. त्या त्याने पाहिल्या होत्या.

झाडांबद्दलचं सगळ्यात नेमकं मत मला दिलं ते कृषी खात्यातून निवृत्त झालेल्या माझ्या मामेभावाने. विज्ञानकथा त्याने त्याआधी वाचली नव्हती आणि नंतरही वाचली नाही. झाड चालतं ही गोष्ट त्याने एका वाक्यात माफ केली. त्याला पटलं ते झाडाचं अर्थकारण. ट्रिफिडांचं बियाणं सोव्हिएत संघातून चोरून आणताना विमान पाडलं जातं आणि बिया वाऱ्यावर जगभर पसरतात. विषारी आहे हे कळल्यावरही लोक नांगी छाटून ते झाड परसात हौसेने ठेवतात, आणि छाटलेल्यांपेक्षा न छाटलेली झाडं चांगलं तेल देतात म्हणून कंपन्या नांगीसकट वाढवतात. “धोका माहीत असतो गं, पण उतारा चांगला येतो ना,” असं म्हणून त्याने पुस्तक बाजूला ठेवलं आणि गाजर गवताचा विषय काढला. मूळच्या अमेरिका खंडातल्या ह्या तणाची भारतातली नोंद झाली ती १९५५-५६च्या सुमारास, आणि तीही पुण्यात. म्हणजे कादंबरी बाहेर आली त्यानंतर चारेक वर्षांत. परदेशी गव्हाबरोबर ते आलं असं सगळे सांगतात. त्याच्या स्पर्शाने कातडी फुटते, परागांनी दमा उठतो. १९८०च्या दशकात त्याची पानं खाणारे मेक्सिकोतले भुंगे आणून सोडले, तरी मोकळा भूखंड दिसला की पांढऱ्या फुलांनी भरतोच. विंडमच्या झाडाला तीन पाय दिले नसते तरी चाललं असतं, हे मामेभावाचं अंतिम मत. पसरण्यासाठी झाडाला पाय लागत नाहीत, माणसाचं दुर्लक्ष पुरतं.

कादंबरीवरचा नेहमीचा आक्षेप वेगळा आहे. एकाच वेळी दोन संकटं कशी येतात? आकाशातून अंधत्व आणि जमिनीवरून झाडं, वर पुढे रोगराई. चांगले चोखंदळ वाचक इथे अडतात आणि लेखकाने सोय पाहिली असा शेरा मारतात. पण शेवटाकडे बिल आपल्या जोडीदारणीला, जोसेलाला, आपली एक शंका बोलून दाखवतो, तिकडे त्यांचं लक्ष गेलेलं नसतं. पृथ्वीभोवती तेव्हा कितीतरी उपग्रह फिरत होते आणि त्यांत कोणी कोणती शस्त्रं ठेवली आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं. मग त्या हिरव्या ज्वाळा उल्कांच्याच होत्या कशावरून? रोगही कुठल्या प्रयोगशाळेतून सुटला नसेल कशावरून? ही शंका खरी धरली तर तिन्ही संकटं एकाच हाताची ठरतात आणि योगायोग उरत नाही. पहिला स्पुटनिक १९५७ साली वर गेला. हे लिहिलं गेलं त्याच्या सहा वर्षं आधी.

समीक्षकांमध्ये ज्या मताने ह्या कादंबरीचा पिच्छा पुरवला ते ब्रायन अल्डिसचं. हा स्वतः नावाजलेला विज्ञानकथाकार. १९७३ साली विज्ञानकथेचा इतिहास लिहिताना त्याने विंडमच्या पठडीला ‘ऊबदार प्रलय’ अशा अर्थाचं नाव ठेवलं. बाकीचं जग मरतं आणि नायकाला मात्र मुलगी मिळते, फुकट मोटारी मिळतात, महागड्या हॉटेलात मुक्काम मिळतो, असा त्याचा टोमणा. तो इतका चिकटला की पुस्तक न वाचलेलेही तो मारतात. गंमत अशी की अल्डिसही महायुद्धात त्याच सिग्नल दलात होता, फक्त त्याच्या वाट्याला ब्रह्मदेशाची आघाडी आली.

टोमण्यात तथ्य आहे. बिल आणि जोसेला रिकाम्या आलिशान घरात शिरून चांगले कपडे चढवतात, उत्तम मद्य घेतात आणि जुन्या जगाला निरोप देतात. ते प्रकरण वाचताना मजा येते हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या आधीच्या पानांवर इस्पितळातला आंधळा झालेला डॉक्टर टेलिफोन बंद आहे हे कळताच खिडकीतून उडी टाकतो. दारूच्या गुत्त्याचा मालक सांगतो की बायकोने मुलांना घेऊन गॅस सोडला, आणि आपल्याला तेवढी हिंमत व्हावी म्हणून तो पीत बसलेला असतो. ही ऊब कसली? कॅनडाच्या लेखिका मार्गारेट अॅटवुड यांनी ह्याचा चांगला समाचार घेतला आहे. काही माणसं जगली म्हणून प्रलय ऊबदार ठरत असेल तर दुसरं महायुद्धही ऊबदारच म्हणावं लागेल, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख. मला वाटतं विंडमच्या सौम्य, मिस्कील निवेदनामुळे वाचक फसतो. गळा न काढता सांगितलेलं दुःख काहींना ऐकूच येत नाही.

बायकांच्या मतांचा कप्पा वेगळाच आहे. विद्यापीठात जमलेल्या डोळसांपुढे समाजशास्त्राचा एक प्राध्यापक भाषण करतो. पुरुषांनी काम करायचं, बायकांनी मुलं जन्माला घालायची, आणि दृष्टी गेलेल्या बायकांनाही घ्यायचं, कारण त्यांची मुलं डोळस असतील. जोसेला हे मान्य करते, वर बिलसोबत आणखी ज्या दोघी येतील त्या मी निवडीन म्हणते. माझ्या एका मैत्रिणीने ह्या पानापाशी पुस्तक मिटलं. “जग बुडालं तरी आमच्या वाट्याला पाळणाच?” तिने पुढे वाचलं असतं तर कोकर नावाच्या पात्राचा एक प्रसंग भेटला असता. तो एका आश्रमवजा वस्तीत जातो. तिथे विजेचं जनित्र असूनही सगळे मेणबत्तीच्या उजेडात बसलेले, आणि जनित्र चालवणं हे बायकांचं काम नाही असं एक तरुण मुलगी त्याला सांगते. कोकर तिला असा काही फैलावर घेतो की यंत्र न कळण्याचा आव हा बायकांना परवडणारा चैनीचा भाग होता आणि आता ती चैन संपली, हे तिच्याबरोबर वाचकालाही कळतं. ह्यावर मैत्रिणीचं उत्तर तयार होतं. ते सांगायलाही शेवटी पुरुषच लागला ना? मला ह्याचं उत्तर देता आलेलं नाही. १९५१ची कादंबरी एका पानावर आपल्या काळाच्या पुढे असते आणि दुसऱ्या पानावर त्याच काळात रुतलेली असते. ही दोन्ही पानं एकाच माणसाने लिहिली आहेत, एवढंच म्हणता येतं.

कोकर हे कादंबरीतलं सगळ्यात जिवंत पात्र. गल्लीतली भाषा आणि सभ्यांची भाषा तो सारख्याच सफाईने बोलतो, आणि समोर कोण आहे ते पाहून बदलतो. डोळसांच्या गटाचा म्होरक्या बीडली ह्याचं म्हणणं असं की शहर वाचवता येणार नाही. थोडी माणसं, थोडी पुस्तकं, बी-बियाणं घेऊन लांब जावं आणि नव्याने सुरुवात करावी. कोकरचं म्हणणं असं की दृष्टी शाबूत राहिली ह्यात तुमचं कर्तृत्व काय? तुमच्या डोळ्यांवर ह्या माणसांचाही हक्क आहे. म्हणून तो डोळसांना पळवून नेतो आणि प्रत्येकाला आंधळ्यांच्या एकेका टोळीला बांधून देतो. बिल दोन आंधळ्यांच्या मध्ये बेड्या घालून हॅम्पस्टेडमध्ये अन्न शोधत फिरतो.

२०२०च्या मार्चपर्यंत माझ्या ओळखीचे बहुतेक वाचक बीडलीच्या बाजूचे होते. व्यवहार पाहायला हवा, सगळ्यांना वाचवायला गेलं तर कुणीच वाचणार नाही, असं ते म्हणत. मग २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली आणि मुंबई-नाशिक महामार्गावरून डोक्यावर बोचकी घेऊन चालत निघालेली माणसं आम्ही घरात बसून टीव्हीवर पाहिली. घर असणं, साठवलेला किराणा असणं, महिन्याचा पगार खात्यात पडणं ह्यात आमचं कर्तृत्व किती आणि नशीब किती हा हिशेब तेव्हा पुष्कळांनी मनात केला असेल. आमच्या सोसायटीत मदतीची चर्चा झाली तेव्हा एकाने किती कुटुंबांना पुरणार असं विचारलं, दुसऱ्याने जेवढ्यांना पुरेल तेवढ्यांना असं उत्तर दिलं, आणि तिसरा म्हणाला की एकदा सुरुवात केली की थांबता येणार नाही. तिघेही प्रामाणिक होते. त्या काळात जुन्या वाचकांपैकी काहींनी पुस्तक पुन्हा मागून नेलं. मतं उलटली असं मी म्हणणार नाही. पण बीडलीच्या बाजूने बोलताना आवाज खाली येऊ लागला.

ह्या सगळ्या मतांना धक्का दिला तो माझ्या एका मित्राने. तो जन्मापासून आंधळा आहे, बँकेत काम करतो आणि पुस्तकं ऐकतो. आम्ही बीडली की कोकर हा वाद घालत असताना तो शांतपणे म्हणाला की तुम्ही सगळे बिलच्या जागेवरून बोलताय. वाचणारा प्रत्येक जण आपण डोळसांपैकी आहोत असं धरूनच चालतो. खरं तर त्या रात्री तुम्हीही गच्चीवर जाऊन आतषबाजी पाहिलीच असती. लाखात एखादा सुटला, तुम्ही सगळे सुटलेले कसे?

मग त्याने एका प्रसंगाची आठवण दिली, जो आमच्यापैकी एकालाही आठवत नव्हता. सुरुवातीच्या पानांत, लोक भिंतींना धरून चाचपडत असताना, पांढरी काठी घेतलेला एक माणूस झपझप चालत येतो. आज जो तो आपल्यावर येऊन का आदळतोय म्हणून वैतागलेला असतो. काय झालं आहे ते बिल त्याला सांगतो. तो कडवट हसतो आणि आता लोकांना आपली सगळी दया स्वतःसाठीच लागणार अशा अर्थाचं काहीतरी बोलून पुढे निघून जातो. मित्र म्हणाला, “त्या शहरात त्या दिवशी सगळ्यात तरबेज माणूस तो होता. काठीने रस्ता कसा कळतो, आवाजावरून अंतर कसं ओळखायचं, वस्तू जागच्या जागी का ठेवायची, हे शिकवायला त्याच्यासारख्यांना गोळा करायला हवं होतं. बीडलीला ते सुचलं नाही आणि कोकरलाही नाही. लेखकाने त्याला एक पान दिलं आणि जाऊ दिलं.” आपल्या म्हणींमधले आंधळेही सगळे डोळसांनीच रचलेले आहेत, ही त्याची पुस्ती.

त्याचं मत कळल्यावर मी पुस्तक पुन्हा वाचलं आणि ते मला वेगळं दिसलं. अंधत्व म्हणजेच सर्वनाश, असं गृहीत धरणारी ही एकटी कादंबरी नव्हे. पोर्तुगीज लेखक जुझे सारामागो यांची ‘ब्लाइंडनेस’ १९९५ साली आली. तिच्यावरचा चित्रपट २००८ साली लागला तेव्हा अमेरिकेत दृष्टिहीनांच्या राष्ट्रीय संघटनेने निदर्शनं केली. आंधळे म्हणजे असहाय, गलिच्छ जमाव हे चित्र त्यांना अमान्य होतं. विंडमने निदान त्या काठीवाल्याला हसू तरी दिलं. शिवाय त्याने डेनिस निर्माण केला. ससेक्समधल्या शेतघरात अडकलेला हा आंधळा तरुण स्वतःसाठी जाळीचा मुखवटा आणि शिरस्त्राण तयार करतो आणि ट्रिफिडांनी वेढलेल्या अंगणात काम करायला उतरतो. डेनिसकडेही आमचं लक्ष गेलं नव्हतं, कारण आम्ही बिलबरोबर मोटारीत बसून फिरत होतो.

आणखी एक गोष्ट ह्या वाचनात खटकली. कोकरचा प्रयोग फसतो तो चुकीचा होता म्हणून नव्हे. लेखक मध्येच रोगराई आणतो आणि टोळ्या मरतात म्हणून तो फसतो. बिलच्या टोळीतली एक तरुण मुलगी त्याने आपल्यासोबत राहावं म्हणून स्वतःला देऊ करते, आणि थोड्याच दिवसांत रोगाने तळमळत, सुटका होईल असं काही औषध त्याच्याकडे मागते. पुस्तकातलं सगळ्यात जड पान हेच. रोग आला नसता तर बिल त्या टोळीपाशी राहिला असता का? विंडमने त्याला हे ठरवायची वेळच येऊ दिली नाही. दोन बाजूंचा वाद ऐन रंगात असताना एका बाजूची माणसंच मारून टाकली. माझ्या लेखी कादंबरीचा खरा दोष तो आहे. योगायोग किंवा ऊब ह्यांचा नंबर नंतर लागतो.

शेवट मात्र मला आवडतो, जरी बहुतेकांची त्याबद्दल तक्रार असते. टॉरेन्स नावाचा सरंजामी वृत्तीचा माणूस लष्करी थाटात येतो. बिल आणि जोसेला आता डेनिसच्या त्या शेतघरात राहत असतात, आणि त्यांना आणखी कितीतरी आंधळे पोसायला लावण्याची त्याची योजना असते. घरातले लोक त्याला आणि त्याच्या माणसांना दारू पाजतात, त्यांच्या गाडीच्या टाकीत मध ओततात, फाटक उघडं टाकून पळतात आणि वाइट बेटावर आसरा घेतात. झाडं जिंकलेली आहेत, माणसं एका बेटापुरती उरली आहेत, आणि कधीतरी परत जाऊ एवढीच उमेद आहे. १९६०च्या दशकातल्या चित्रपटाला हे सोसलं नाही. तिथे समुद्राच्या पाण्याने ट्रिफिड विरघळतात आणि प्रेक्षक निश्चिंत घरी जातो. कादंबरी असा उपाय सांगत नाही. पण तिनेही टॉरेन्सला दुष्ट ठरवून आपली एक अडचण सोडवली आहे. टॉरेन्स दुष्ट नसता आणि आणखी आंधळे घ्या एवढंच सभ्यपणे म्हणाला असता, तर त्या घराने काय केलं असतं?

कादंबरी थोर आहे का असं कुणी विचारलं तर मी हो म्हणते. तिचे आडाखे खरे ठरले म्हणून नव्हे, आणि ‘२८ डेज लेटर’सारख्या चित्रपटाने तिच्यातली इस्पितळातली सकाळ उचलली म्हणूनही नव्हे. सत्तर वर्षांनंतरही ती वाचून माणसं एकमेकांशी भांडतात आणि भांडताना आपण कुठे उभे आहोत हे दाखवून जातात, म्हणून. तुम्ही वाचाल तेव्हा एवढं करा. हॅम्पस्टेडची प्रकरणं आली की बिलच्या डोळ्यांनी वाचू नका. त्याच्या मनगटाला बांधलेल्या दुसऱ्या माणसाच्या जागी उभं राहून वाचा, आणि मग बीडली बरोबर की कोकर ते ठरवा.